कापश्या गवत खात नाही

॥ श्री ॥

मुक्काम वलगाव, भाद्रपद वद्य अष्टमी, शके १७८६

राजमान्य राजेश्री केशवरावजी व्याहीबुवा, मुक्काम तेल्हारा, यांना वामनरावाचा पागोटं खाली ठेवून, दोन्ही हात जोडून नमस्कार. (मुलाच्या बापाने मुलीच्या बापाला असा नमस्कार करू नये, असं आमच्या घरचे वडीलधारे सांगत आले. ते वडीलधारे आज हयात नाहीत, आणि त्यांच्या घरी ससा नव्हता.) आपला गुडघा कसा आहे? पावसाने दुखणं वाढलं असेल. एरंडाचं पान तव्यावर गरम करून बांधत जावं, उतार पडतो. आपले बैल, आपली विहीर, आपला तो एका डोळ्याने पाहणारा कुत्रा, सगळे खुशाल असतील अशी आशा करतो. आमच्याकडेही सगळं ठीक आहे. कपाशीची पऱ्हाटी कंबरेला लागली आहे, पाऊस बरा आहे, माणसं जिवंत आहेत. ठीक नाही तो फक्त ससा.

हे पत्र मी सूनबाईला परत पाठवा असं सांगायला लिहीत नाही, एवढं आधी स्पष्ट करतो. माहेरी गेलेल्या मुलीने किती दिवस राहावं हा तिचा आणि तिच्या बापाचा प्रश्न आहे, मी त्यात तोंड घालणारा नव्हे. मी लिहितो आहे ते वाळलेल्या गवताबद्दल. आता गवतावरूनच सूनबाईचा विषय निघतो, त्याला माझा इलाज नाही.

झाल्या प्रकाराची एक बाजू रुख्मिणीने आपल्याला सांगितलीच असेल, आणि ती खरीच असेल. तरी दुसरीही ऐकून घ्यावी. गेल्या माघात कापसाच्या गाड्या अमरावतीला रिकाम्या करून आमचा किसन घरी आला तेव्हा त्याच्या उपरण्यात हा ससा होता. साल कसं आहे ते आपण जाणताच. समुद्रापलीकडे अमेरिका म्हणून मुलूख आहे, तिथे भावाभावांत लढाई जुंपली, त्यांचा कापूस बंद झाला, आणि इकडे आपल्या वऱ्हाडात शहाणीसुरती माणसं पिसाळली. कुणी गाडीच्या चाकाला लोखंडाऐवजी चांदीची धाव बसवली, कुणी बैलाला रेशमी झूल शिवली. आमच्या चिरंजीवाने बायकोसाठी विलायती ससा आणला. मला त्या वेळी बरंच वाटलं होतं, चाकापेक्षा हे स्वस्तात गेलं म्हणून. पांढराशुभ्र, कान टीचभर लांब, डोळे गुंजेसारखे लाल. (या संवत्सराचं नावच रक्ताक्षी आहे, तेव्हा तक्रार कुणाकडे करायची?) रुख्मिणीने त्याचं नाव कापश्या ठेवलं. ती त्याला मेथी चारायची, कोथिंबीर चारायची, चवळीचा पाला चारायची, आणि आमची माणिकबाई, म्हणजे आपल्या विहीणबाई, हे सगळं तोंड घट्ट मिटून पाहत असायची. तिचं तोंड किती वेळ मिटलेलं राहू शकतं याचा मला पस्तीस वर्षांचा अनुभव आहे. या खेपेला ती माघापासून पोळ्यापर्यंत थांबली, हे मी तिच्या बाजूने सांगून ठेवतो.

पोळ्याच्या दिवशी काय झालं ते असं. आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोण्याने मळून त्यांना जेवायचं आवतण देऊन झालं होतं. दुसऱ्या दिवशी बैल तोरणाखालून घरी आले, शिंगं रंगवलेली, अंगावर झुली, दारात पाट मांडलेला, सुपात पुरणाच्या पोळ्या. पहिली पोळी बैलाची, हे काही मी आपल्याला सांगायला नको. माणिकबाई आरती आणायला आत वळली, आणि तेवढ्यात कापश्या सुपात चढून पहिल्या पोळीचा अर्धा काठ खाऊन मोकळा झाला. इथपर्यंतही निभावलं असतं. जनावर आहे, त्याला काय कळतं. पण रुख्मिणीला हसू आलं. दारात सगळी आळी उभी, आवतण दिलेला बैल उपाशी उभा, आणि घरची सून पदर तोंडाला लावून हसते आहे! माणिकबाईच्या तोंडचं माघापासूनचं सगळं त्या एका क्षणात बाहेर आलं. ज्यानं नांगराचा एक तास ओढला नाही त्यानं पहिली पोळी खावी काय, इथून सुरुवात झाली, आणि शेवट झाला तो "तुया मायनं हेच शिकोलं काय तुले?" इथे.

केशवराव, रुख्मिणीच्या आईला, पार्बताबाई वहिनींना, जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. ते वाक्य ऐकून माझे कान तापले. बोलणारीलाही ते तोंडातून निसटल्यावरच कळलं, हे मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. पण बोललेला शब्द मागे घेणं तिच्या माहेरच्या कुणालाच कधी जमलं नाही, आणि लोक पाहत होते. म्हणून तिने मागे घ्यायच्या ऐवजी पुढे रेटलं. आजपासून हा ससा जनावर खातात तेच खाईल, वाळलं गवत, दुसरं एक पान त्याला मिळायचं नाही, असं तिने बैलाच्या शिंगाला हात लावून जाहीर केलं. रुख्मिणी रडली नाही, हेच वाईट झालं. तिने दुसऱ्या दिवशी, करीच्या दिवशी प्रवासाला निघू नये तरी, तिला भेटायला आलेल्या भावाच्या गाडीत गाठोडं ठेवलं, कापश्याचं टोपलं माझ्या पायाशी आणून ठेवलं, आणि म्हणाली, "मामाजी, घ्या. चारा याले गवत. ज्या दिवशी हा गवत खाईन, त्या दिवशी मी येईन." आणि गेली. तेव्हापासून आज तेवीस दिवस मी गवत चारतो आहे.

आता मुख्य अडचण ऐका. माणिकबाईने शपथ घातली ती अशा वस्तूची, जी आमच्या शिवारात उरलेलीच नाही. नाल्याकाठी आमचं कुरण होतं ते आपण पाहिलं आहे, लग्नाच्या वेळी आपल्या बाजूच्या गाड्या तिथेच सोडल्या होत्या. ते कुरण मी दोन वर्षांपूर्वी मोडून पऱ्हाटी पेरली. (माणिकबाई त्या वेळी आडवी आली होती. घरात एक हात तरी गवत राहू द्या म्हणाली. मी तिला सांगितलं की बाईमाणसाला बाजार कळत नाही. हे वाक्य ती हल्ली दिवसातून दोनदा मला परत ऐकवते.) साऱ्या गावाने तेच केलं. ज्वारी कमी पेरली म्हणून कडबाही नाही, जो होता तो चैत्रातच संपला. अन् आता भादवा! बांधावर हिरवं गवत गुडघाभर, पाहिजे तेवढं. वाळलेलं म्हणाल तर औषधाला नाही. म्हणजे बघा, तिकडे सातासमुद्रापार कोण कुठले भाऊ एकमेकांवर तोफा डागतात, आणि त्यापायी वलगावच्या वामनरावाची सून तेल्हाऱ्याला जाऊन बसते. हे मी कुणाला सांगू?

गवत शोधायला आमच्या सहदेवाला पाठवलं. (सहदेव म्हणजे आमचा जुना सालदार गडी. हे पत्र त्याच्याच हाती देतो आहे. त्याला आधी जेवू घालावं, मग प्रश्न विचारावेत; उपाशीपोटी तो सगळ्याच प्रश्नांना हो म्हणतो.) तो आधी अमरावतीला गेला. तिथे गाडीवानांजवळ गवत असतं, पण ते लोक गवताच्या पेंढीवर डोकं ठेवून झोपतात, आणि मागितली तर बायको मागितल्यासारखे अंगावर येतात. मग त्याला परतवाड्याला पाठवलं. मेळघाटातल्या एका गवळ्याने गेल्या सालचं गवत माळ्यावर जपून ठेवलं होतं, त्यातल्या चार पेंढ्या मोठ्या मिनतवारीने मिळाल्या. येताना पूर्णेला पाणी आलं. सहदेव शहाणा, त्याने बैल वाचवले, गाडी वाचवली, स्वतःला वाचवलं. गवत घरी पोचलं तेव्हा त्यातून दोन बेडूक निघाले.

मग वाळवण सुरू झालं. सूर्याचा पत्ता नाही. चुलीवर सुतळी बांधून पेंढ्या टांगल्या, तर घरभर धूर होऊन शेजारचे पाण्याच्या घागरी घेऊन धावत आले. मग मी स्वतः तव्यावर भाजायला बसलो. आयुष्यात कधी चुलीपुढे बसलो नव्हतो. पापडासारखं एकेक काडं उलटायचं, करपू द्यायचं नाही, ओलं राहू द्यायचं नाही. माणिकबाई दाराच्या चौकटीला टेकून बघत होती आणि मधून मधून जाळ कमी करा एवढंच म्हणत होती. शेवटी उरलेलं गवत गादीखाली पसरून मी त्यावर झोपलो, अंगाच्या उबेने वाळेल म्हणून. ते वाळलं. माझ्या पाठीला जी खाज सुटली आहे ती अजून वाळलेली नाही, आणि हे पत्र मी मधून मधून खांबाला पाठ घासत लिहितो आहे, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर क्षमा असावी.

एवढ्या कष्टाने तयार झालेलं ते सोन्यासारखं गवत कापश्यापुढे ठेवलं. त्याने ते हुंगलं. त्यावर बसला. आणि बसल्या बसल्या माझ्या धोतराचं टोक खाल्लं.

केशवराव, हा प्राणी गवत सोडून काय खात नाही ते विचारा! त्याने माझ्या जोड्याचा बंद खाल्ला. गादीचा कोपरा खाऊन आतला कापूस बाहेर काढला. गुळाचं पाणी शिंपडून गवत दिलं, तर गूळ चाटून घेतला आणि गवत मुंग्यांसाठी ठेवलं. बारीक कुट्टी करून सरकीत कालवून दिलं, तर सरकी वेचून खाल्ली, इतक्या सफाईने की गावातल्या पोरींना तूर निवडताना ते जमायचं नाही. मग मला वाटलं, एकटं जनावर खात नाही, संगतीने खाईल. म्हणून त्याला गोठ्यात नेऊन चांद्या बैलाशेजारी बांधलं. चांद्याने आपलं हिरवं खाल्लं आणि मान लांबवून कापश्याचं वाळलेलंही खाल्लं. कापश्याने मात्र चांद्याच्या गळ्यातला पोळ्याचा गोंडा खाल्ला. दोघंही खूश होते. गोठ्यात दुःखी असा मीच काय तो होतो.

गुरांचे जाणकार रामराव आपल्याला ठाऊक असतीलच, चार गावांतले लोक बैल घ्यायच्या आधी त्यांना दात दाखवतात. त्यांना बोलावलं. त्यांनी सशाला मांडीवर घेतलं, ओठ वर केला, आणि बोट लावून दात दोनदा मोजले. मग म्हणाले, "दोनदातीच हाय हा. वासरू. वासराले वाळलं कावून देऊन राहिले तुमी?" मी म्हटलं, रामराव, याला आणून सात महिने झाले, आणला तेव्हाही पुढे दोनच दात होते. तर ते म्हणाले, मग याची वाढच नाही, चौथा दात येईपर्यंत दूध पाजा. आणि पुन्हा एकदा तपासून त्यांनी असंही सांगितलं की हा सारखा तोंड हलवतो पण रवंथ येत नाही, म्हणजे पोटातलं चाक अडलं आहे, बांबूच्या नळीने तेल पाजावं लागेल. नळी आणली. ती सशापेक्षा वीतभर लांब होती. रामरावांनी नळीकडे पाहिलं, सशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चहाऐवजी ताकच द्या म्हणून पाटावर बसले. (चहा आमच्याकडे नसतोच. पण अमरावतीला एका दलालाकडे त्यांनी तो एकदा घेतला आहे, तेव्हापासून ते जाईल तिथे नाही म्हणतात.)

या सगळ्यात किसनाचं काय चाललं होतं हे आपण विचाराल. तो महालक्ष्म्यांच्या आधी घोडी घेऊन आपल्याकडे येऊन गेलाच. रुख्मिणीने त्याला पाणी दिलं, जेवू घातलं, आणि एकच प्रश्न विचारला, खाल्लं काय? आणि त्या शहाण्याने नाही म्हणून सांगितलं! व्याहीबुवा, हा पोरगा कापसाच्या बाजारात उभा राहतो. तिथे ओला कापूस कोरडा म्हणून शपथेवर विकणारे लोक याच्याशी बोलतात, आणि याला स्वतःच्या बायकोपुढे एक ‘हो’ म्हणता येत नाही. तो जसा गेला तसा परत आला, नेमका महालक्ष्म्या घरात येण्याच्या दिवशी.

त्या दिवसाचं मला लिहायचं नव्हतं. पण लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. आमच्याकडे ज्येष्ठेचा मुखवटा सासूने आणायचा आणि कनिष्ठेचा सुनेने, दोघींनी जोडीने उंबरा ओलांडायचा. माणिकबाईने दोन्ही मुखवटे तुळशीपाशी मांडून ठेवले होते. दारापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढली होती, दोन जोड्या. ती उभी राहिली. घोडीच्या टापा वाजल्या तेव्हा तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. घोडीवर एकटा किसन. तिने ज्येष्ठा उचलली, आत नेऊन बसवली, पुन्हा बाहेर आली, कनिष्ठा उचलली आणि तिलाही आत नेलं. दुसऱ्या खेपेला तिला उंबरा चढायला वेळ लागला. गुडघे फक्त आपलेच दुखत नाहीत. मी खांबाआड उभा होतो. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, केशवराव. घरात सोळा भाज्या शिजल्या होत्या आणि कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. (कापश्याच्या उतरला. त्याने महालक्ष्मीपुढचा केळीचा खांब बुंध्यापासून वीतभर खाल्ला.)

आता एक कबुली देतो. ससा तेवीस दिवस उपाशी आहे असं आपल्याला वाटत असेल तर ते तितकंसं खरं नाही. दुसऱ्याच दिवशी मला राहवलं नाही. शपथ बायकोने घातली होती, मी नव्हे. दुपारी ती वाती वळत बसली की मी उपरण्याखाली मुळ्याचा पाला घेऊन गोठ्यात जायचो, आणि कापश्या खाईपर्यंत चांद्याची पाठ थोपटत उभा राहायचो. मनात एकच भीती, की हा मेला तर रुख्मिणीला कोणतं तोंड दाखवू. पण हा मरणं दूरच, अंगाने भरत चालला. मुळ्याच्या चार पानांवर एवढं बाळसं येतं कसं, हे मला उमगेना. मग एके दिवशी मी पाला घेऊन गोठ्यात शिरलो तर तिथे सहदेव भाकरीचा कुटका घेऊन उकिडवा बसलेला, आणि त्याच्या पलीकडे, वाडीवरून भाजी घेऊन येणारी मैनाबाई माळीण, मेथीची अख्खी जुडी सोडून. तिघांनी तिघांकडे पाहिलं. सहदेव म्हणाला, "मालक, मी चांद्याले पाहाले आलतो." मैनाबाई म्हणाली, "मी बी." मी उपरणं सावरत म्हटलं, मीही. आणि एक मुळा खाली पडला.

तेव्हा मला सगळं उमगलं. याला भूकच लागत नाही, मग हा गवत कशाला खाईल? आम्ही तिघांनी चांद्याच्या शिंगाला हात लावून ठरवलं की उद्यापासून कुणी काही द्यायचं नाही. मी पाळलं. सहदेवाने पाळलं. मैनाबाईने तर चार दिवस आमची आळीच सोडली. आणि ससा अजूनही भरतो आहे. आमच्या घरात माणसं किती ते आपल्याला माहीत आहे. किसन अमरावतीला. तेव्हा चौथं कोण, याचा शोध मी केला नाही. आपल्याच घरात माणसाने सगळीकडे डोकावू नये.

तर असं आहे. मी थकलो. गावात लोक आता मला रामराम घालायच्या आधी, खाल्लं काय म्हणून विचारतात. शेतात निंदणं खोळंबलं आहे. कुरण असतं तर हे झालं नसतं, हे मला मान्य आहे. पोळी असती-नसती तरी काही तरी झालंच असतं, हेही खरं. रुख्मिणी होती तेव्हा ती दळताना ओव्या म्हणायची आणि माणिकबाई आतून चाल चुकली म्हणून ओरडायची. आता जातं मुकं फिरतं. आपणाकडे माझं मागणं एवढंच की रुख्मिणीला जवळ बसवून शांतपणे विचारावं, की बाई, तू त्याला कधी गवत खाताना पाहिलं आहेस काय, आणि पाहिलं असल्यास ते कोणत्या जातीचं होतं, लांब पातीचं की आखूड, आणि कोणत्या हाताने दिलं होतं. तिने जे सांगितलं ते सहदेवाजवळ लिहून द्यावं. दुसरं काही मागणं नाही. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांच्या डोक्यावरून हात फिरवावा, आणि कुत्र्यालाही माझी आठवण द्यावी. लोभ आहेच, तो या गवतापायी कमी होऊ नये.

आपला,
वामनराव

ता. क. — सहदेव छकडा घेऊन येतो आहे. वर बुरुडाकडून नवं छत बांधून घेतलं आहे आणि आत गादी टाकली आहे, ती केवळ गाडी हलकी असली की उडते म्हणून. बैलांना आपल्याकडे दोन-तीन दिवस विसावा द्यावा. पितृपक्षात कुणाला निघायला सांगणं बरं नव्हे, पण बैलांचा विसावा आणि वाट मिळून घटस्थापना सहज येते. येताना छकडा रिकामाच असेल. कुणाला वलगावच्या बाजूला यायचं असल्यास जागा आहे.

दुसरा ता. क. — पत्र बंद करता करता मोठा आनंद झाला. कापश्याने आत्ता या क्षणी वाळलेलं गवत खाल्लं! चांगलं मूठभर, माझ्या डोळ्यांदेखत, आणि वर पाणी प्यायला. सहदेव साक्षीला आहे. रुख्मिणीची अट तिच्याच शब्दांत पुरी झाली आहे, हे तिच्या कानावर घालावं. वरचा सगळा मजकूर आता जुना समजावा.

तिसरा ता. क. — दुसरा ता. क. खोटा आहे. तो खोडत नाही, कारण कागद दुसरा नाही. झालं असं, की सहदेव बैल जुंपायला गेला आणि माणिकबाई येऊन समोर बसली, म्हणाली वाचून दाखवा. मी वाचलं. पोळ्याचं वाचताना तिने मान खाली घातली, महालक्ष्म्यांचं वाचताना पदर डोळ्याला लावला, गोठ्यातल्या तिघांचं वाचताना हसली (तेवीस दिवसांनी). मग मी दुसरा ता. क. वाचला. ती म्हणाली, "पोरीले लबाड काहून लिहून राहिले तुमी? तो गवत खात नाई. तो भाकर खाते. मी चारतो रोज, माया ताटातली." मी म्हटलं, मग काय लिहू? गवत खाल्ल्यावाचून ती येत नाही, आणि शपथ तुझी आहे. कापश्या तिच्या पायाशीच होता, पुढ्यात माझं भाजलेलं गवत तसंच. तिने हात लांब करून त्यातलं एक काडं उचललं, झटकलं, तोंडात घातलं आणि चावायला लागली. वाळलेलं गवत चावायला फार वेळ लागतो, केशवराव, आणि तिच्या दाढा गेलेल्या आहेत. मी पाणी पुढे केलं, तिने घेतलं नाही. सगळं गिळून झाल्यावर म्हणाली, "आता लिहा. गवत खाल्लं म्हना. कोनं खाल्लं ते बी लिहा. ज्या तोंडानं तिच्या मायचं नाव घेतलं, त्या तोंडानं खाल्लं म्हना."